रशियन लष्करी तरवारींची परीक्षा

जुन्या कागदाची परीक्षा करितांना आपण नुसता मजकूर वाचून थांबत नाहीं. कागदाचा पोत, शाईचा रंग, मोडीचें वळण, शिक्का, मोर्तब, तिथि व सन हीं सर्व एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं हें पाहतों. आणि त्यांपैकीं एक जरी विसंगत निघालें तरी निर्णय राखून ठेवितों. शस्त्रांच्या बाबतींत हा सावधपणा आपल्या संग्राहकांत अद्यापि पुरता रुजलेला नाहीं. तरवार हातीं आली कीं ती कोणाची व केवढ्याची हे प्रश्न आधीं विचारले जातात. ती स्वतः काय सांगते हा प्रश्न मागाहून येतो, किंवा येतच नाहीं. ज्या तरवारी आपलें साल, कारखाना, पलटण व राजा हीं बहुधा अंगावर लिहूनच येतात अशा तरवारींचा एक वर्ग घेऊन त्यांची परीक्षा कशी करावी हें दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो वर्ग म्हणजे १८०१ पासून १९१७ पर्यंतच्या रशियन सैन्यांतील तरवारींचा होय.

या तरवारी महाराष्ट्रांत विरळाच दृष्टीस पडतात. तथापि त्यांचा विचार आपल्या वाचकांस तीन कारणांनीं उपयोगी पडेल. पहिलें कारण असें कीं, १९१७ च्या राज्यक्रांतीनंतर परागंदा झालेल्या अधिकाऱ्यांबरोबर यांपैकीं पुष्कळ तरवारी यूरोपभर पसरल्या, व आज लिलांवांच्या वाटेनें त्या कोणत्याहि देशांतील संग्राहकाच्या दारीं येऊं शकतात. दुसरें, त्यांच्या नकलांचा मोठा व्यापार चालू आहे, आणि त्या नकलांपैकीं कांहीं भारतांतच घडविल्या जातात. तिसरें, रशियन पोलादाच्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या दक्षिणेंतील पोलादाशीं येऊन भिडतो.

१. प्रकार व नांवें

रशियन सैन्यांत पात्याचीं शस्त्रें मुख्यतः पांच नांवांनीं ओळखलीं जात. ‘पलाश’ म्हणजे जड घोडदळाची सरळ, रुंद पात्याची तरवार. ‘साब्ल्या’ म्हणजे वांकड्या पात्याची, धार खालीं ठेवून कमरेस लटकविण्याची तरवार. हिच्या मुठीस बोटांच्या रक्षणार्थ परज असते. ‘श्पागा’ ही अधिकाऱ्यांची व दरबारी पोषाखाची सडपातळ सरळ तरवार. ‘तेसाक’ हें पायदळ व सुरुंगवाले यांचें आंखूड जाड शस्त्र. लढाईपेक्षां लांकूड तोडण्याकडेच याचा उपयोग अधिक होई. पांचवें नांव ‘शाश्का’ हें होय, आणि संग्राहकापुढें जी रशियन तरवार येते ती शेंकडा बहुतेक शाश्काच असते. म्हणून तिचें वर्णन जरा विस्तारानें करणें अवश्य आहे.

शाश्का हा शब्द मूळ रशियन नव्हे. कॉकेशस पर्वतांतील चेर्केस लोकांच्या भाषेंत ‘लांब सुरी’ अशा अर्थाचा जो शब्द आहे त्यापासून तो आला. हें शस्त्रहि त्या डोंगराळ लोकांचेंच. पातें किंचित् वांकडें, मूठ परजेवांचून, व मुठीचें टोक कानाच्या पाळ्यांसारखें दुभंगलेलें. मूळच्या कॉकेशियन शाश्केची मूठ टोंकापर्यंत म्यानांतच शिरते, व बाहेर केवळ तीं दोन पाळीं दिसतात. ती खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यास, म्हणजे परतळ्यास, धार वर राहील अशा रीतीनें अडकवीत. त्यामुळें उपसणें व वार करणें हीं दोन्हीं एकाच हालचालींत होत. पर्वतांतील दीर्घ युद्धांत रशियन फौजेस, विशेषतः कोसॅक स्वारांस, या शस्त्राचा परिचय झाला; आणि शत्रूचें हत्यार उचलून तें आपलेंसें करणें जसें आपल्याकडे फिरंगी पात्यांच्या बाबतींत घडलें तसेंच तेथेंहि घडलें.

२. नमुन्यांचा कालानुक्रम

रशियन सरकार शस्त्राचा नमुना हुकुमानें मंजूर करी, व त्या सालावरूनच नमुन्याचें नांव पडे. हीं सालें संग्राहकानें मुखोद्गत ठेवावीं. कारण तींच त्याची जंत्री होय. नेपोलियनबरोबरच्या युद्धानंतर १८१७ सालीं हलक्या घोडदळाकरितां जी साब्ल्या मंजूर झाली ती तत्कालीन फ्रेंच नमुन्याच्या वळणावर होती. १८२६ सालीं जड घोडदळाचा पलाश व १८२७ सालीं हलक्या घोडदळाची नवी साब्ल्या निघाली. या दुसरीची पितळी परज तीन दांड्यांची असून म्यान पोलादी व दोन कड्यांचें असतें. १८३४ सालीं ‘आशियाई नमुन्याची’ शाश्का प्रथम सरकारी नमुन्यांत दाखल झाली. १८३८ सालीं कोसॅकांसाठीं व १८६८ सालीं तोफखान्यासाठीं स्वतंत्र शाश्का ठरल्या.

अशा रीतीनें एकाच सैन्यांत सरळ, वांकडीं, लांब, आंखूड अशा नाना तऱ्हांचीं पातीं एकाच वेळीं चालूं लागलीं. हा गोंधळ मोडण्याचें काम जनरल अलेक्झांडर पावलोविच गोर्लोव्ह यांजकडे आलें, आणि त्याचें फळ म्हणजे १८८१ ची सुधारणा. तिचें तत्त्व असें कीं, तोडणें व भोसकणें हीं दोन्हीं कामें साधतील असें एकच पातें सर्वांस द्यावें, व मूठ आणि म्यान तेवढीं दलपरत्वें निराळीं ठेवावीं. साध्या स्वाराच्या पात्याची लांबी सुमारें ८७ सेंटिमीटर, रुंदी सुमारें ३३ मिलिमीटर, मध्यें एकच रुंद चर, व टोंकाकडील भागास दोन्हीं बाजूंनीं धार, अशी याची सामान्य ठेवण आहे. ही तडजोड सर्वांस मान्य झाली असें नाहीं. पुढें बंदुकांच्या रचनेंत नांव कमावलेले व्ही. जी. फ्योदोरोव्ह यांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या शाश्केवर टीका केली आहे. तथापि रशियन साम्राज्य संपेपर्यंत हाच नमुना मुख्य राहिला.

१८८१ च्या शाश्केचे चार पोटभेद ध्यानांत ठेविले म्हणजे निम्मी ओळख पटते. (अ) ड्रॅगून शिपायाची : मुठीस एकदांडी पितळी परज, लांकडी मुठीवर तिरप्या खांचा, चामड्यानें मढविलेलें लांकडी म्यान, व त्या म्यानाच्या अंगास बंदुकीची संगीन अडकविण्याची सोय. (आ) ड्रॅगून अधिकाऱ्याची : परजेची घडण तशीच, परंतु अधिक नाजूक व मुलामा दिलेली; म्यानास संगीनीची जागा नाहीं. (इ) कोसॅक शिपायाची : परज मुळींच नाहीं, मुठीच्या टोंकाशीं पितळी टोपी व गोंडा ओवण्यास भोंक, म्यान संगीनीवांचून. (ई) कोसॅक अधिकाऱ्याची : तीच आकृति, परंतु मुठीच्या धातूवर नक्षी. यावरून संगीनीची जागा असलेल्या म्यानांत बिनपरजेची कोसॅक शाश्का आढळल्यास तीं दोन्हीं एकमेकांचीं नव्हेत असें प्रथमदर्शनीं समजावें.

यानंतरचीं दोन सालें महत्त्वाचीं आहेत. १९०४ सालीं कॉकेशसमधील कोसॅक दलांकरितां, मूठ म्यानांत शिरणारी, देशी घाटाची शाश्का मंजूर झाली. १९०९ सालीं अधिकाऱ्यांच्या शाश्केच्या मुठीवर बादशहाचें मुद्राक्षर व नक्षी घालण्याचा नियम झाला. यामुळेंच संग्राहक त्या शाश्केस ‘१८८१/१९०९’ असें जोडसाल देतात.

३. कारखाना व पोलाद

पहिला पीटर याने १७१२ सालीं तुला येथें शस्त्रशाळा स्थापिली. तथापि एकोणिसाव्या शतकांतील पात्यांचें माहेर उरल पर्वतांतील झ्लातोउस्त हें होय. पहिल्या अलेक्झांडरच्या कारकीर्दींत, १८१५ सालीं, तेथें पात्यांचा कारखाना निघाला, व झोलिंगेन आणि क्लिंगेनथाल येथील जर्मन कारागीर सहकुटुंब आणून वसविण्यांत आले. त्यांच्या हाताखालीं स्थानिक मंडळी तयार झाली. त्यांपैकीं इव्हान बुशुयेव्ह याने पात्यांवर कोरलेलीं व मुलामा दिलेलीं युद्धचित्रें रशियन संग्रहालयांत आज मोठ्या मानानें जपलीं आहेत. आलेल्या जर्मनांपैकीं शाफ या घराण्यानें पुढें सेंट पीटर्सबर्ग येथें आपली पेढी काढली. अधिकाऱ्यांच्या पात्यांवर तिचें नांव वारंवार आढळतें. अधिकारी आपलें शस्त्र स्वखर्चानें घेत असल्यामुळें त्यांच्या शाश्केवर शाफचें किंवा झोलिंगेनच्या एखाद्या पेढीचें नांव असणें यांत गैर कांहीं नाहीं. शिपायाच्या सरकारी शाश्केवर तेंच नांव दिसलें तर मात्र विचार करावा.

याच झ्लातोउस्त येथें पावेल पेत्रोविच आनोसोव्ह हा खाणखात्याचा अधिकारी १८१७ सालीं दाखल झाला. पौर्वात्य पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी जी नैसर्गिक नक्षी दिसते, जिला आपण जौहर म्हणतों, ती कशी उत्पन्न होते हें शोधण्याकरितां त्याने १८२८ पासून प्रयोग आरंभिले, १८३१ सालीं पोलादाची घटना पाहण्याकरितां सूक्ष्मदर्शक यंत्राचा उपयोग केला, व १८४१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जौहरदार पोलादास रशियन भाषेंत ‘बुलात’ म्हणतात. हा शब्द व आपला ‘पोलाद’ हा शब्द एकाच फारसी शब्दाचीं दोन अपत्यें होत.

हा शोध एकट्या रशियाचा नव्हता. दक्षिण हिंदुस्थानांत मुशींत वितळवून केलेल्या पोलादाच्या वड्या यूरोपांत ‘वूट्झ’ या नांवानें प्रसिद्ध झाल्या. मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ सालीं असे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले, व १७९५ सालीं जॉर्ज पीअर्सन यांनीं त्यांवरील निबंध त्या सोसायटीपुढें वाचला. पुढें मायकेल फॅरडे व जेम्स स्टोडार्ट यांनीं याच पोलादाच्या अनुरोधानें प्रयोग केले. जें दक्षिणेंतील लोहार परंपरेनें जाणत होते तें रसायनशास्त्राच्या भाषेंत उतरविण्याची यूरोपांत त्या काळीं जी खटपट चालली, तिचीच एक शाखा झ्लातोउस्त येथें फुलली. संग्राहकास यांतून एक व्यावहारिक बोधहि घेतां येतो. आनोसोव्हचें बुलात हें थोड्या निवडक पात्यांपुरतें राहिलें. सैन्यास पुरविलेलीं हजारों पातीं साध्या कारखानी पोलादाचीं आहेत. सबब एखादी सरकारी शाश्का ‘बुलाताची’ म्हणून कोणी विकूं लागल्यास त्याचें बोलणें पुराव्यावांचून मानूं नये.

४. लेख व चिन्हें यांचें वाचन

येथें हस्तलिखितांचा अभ्यास केलेल्या मनुष्यास आपली विद्या कामीं येते. झ्लातोउस्तच्या जुन्या पात्यांच्या पाठीवर गांवाचें नांव, महिना व साल कोरलेलें पुष्कळदां आढळतें. उत्तरकालीन पात्यांवर ‘झ्लातोउस्त शस्त्रशाळा’ अशा अर्थाचे शब्द पात्याच्या अंगावर येतात. हीं अक्षरें वाचतांना लेखनपद्धतीकडे लक्ष द्यावें. रशियन लिपींत शब्दाच्या शेवटीं व्यंजन आल्यास त्यापुढें ‘कठोर चिन्ह’ नांवाचें एक मुकें अक्षर लिहिण्याचा प्रघात १९१८ च्या लेखनसुधारणेपर्यंत होता. आकारानें तें इंग्रजी लहान ‘बी’ सारखें असून त्याच्या शेंड्यास डावीकडे एक आडवी रेघ असते. झ्लातोउस्त या नांवाच्या अखेरीस तें यावयास पाहिजे. १९०० सालच्या म्हणविणाऱ्या पात्यावर नवी लेखनपद्धति दिसली, तर पेशवाईच्या म्हणविणाऱ्या पत्रांत आजचें व्याकरण दिसल्याप्रमाणेंच ती संशयास कारण होय. मात्र तेवढ्यावरून निकाल देऊं नये. ठसा अर्धा उमटलेला किंवा घासलेला असूं शकतो.

सनावळीचीहि एक अडचण आहे. रशियांत १९१८ च्या फेब्रुवारीपर्यंत जुनी ज्यूलियन कालगणना चालू होती. ती एकोणिसाव्या शतकांत आपल्या परिचित इंग्रजी तारखेच्या १२ दिवस व विसाव्या शतकांत १३ दिवस मागें असे. दुसरा निकोलस गादीवरून दूर झाला तो दिवस रशियन कागदांत २ मार्च १९१७ असा, तर अन्यत्र १५ मार्च १९१७ असा लिहिलेला असतो. भेट दिलेल्या तरवारीवरील तारीख व त्या भेटीचा इतरत्र सांपडलेला उल्लेख यांत असा फरक दिसल्यास तो खोटेपणा न समजतां आधीं रूपांतर करून पाहावें. शुहूर सन, फसली व शक यांचा मेळ घालण्याची ज्यांस संवय आहे त्यांस हें सांगावयास नकोच.

मुद्राक्षर म्हणजे राज्यकर्त्याच्या नांवाचें आद्याक्षर, आंकडा व वर मुकुट. १८०१ ते १८२५ पहिला अलेक्झांडर, १८२५ ते १८५५ पहिला निकोलस, १८५५ ते १८८१ दुसरा अलेक्झांडर, १८८१ ते १८९४ तिसरा अलेक्झांडर, आणि १८९४ ते १९१७ दुसरा निकोलस, अशी परंपरा आहे. या कालमर्यादांशीं पात्याचें साल जुळवून पाहावें. पातें जुनें व मूठ नवी असणें मात्र नेहमींच लबाडीचें नसतें. वडिलांचें किंवा आजोबांचें पातें नव्या नमुन्याच्या मुठींत बसवून वापरणारे अधिकारी रशियन सैन्यांत पुष्कळ होते, विशेषतः कॉकेशसच्या दलांत. तेथील कांहीं पात्यांवर लांडग्याची आकृति किंवा दांतेरी अर्धचंद्रांची जोडी असते. लांडगा हें मूळ जर्मनींतील पासाउ गांवचें, व अर्धचंद्र हें मूळ इटलींतील जेनोव्हाचें चिन्ह. दोहोंचेंहि अनुकरण कॉकेशियन लोहारांनीं केलें. हेच दांतेरी अर्धचंद्र दक्षिणी मुठींत बसविलेल्या फिरंगी पात्यांवर आपल्या वाचकांनीं पाहिले असतील. तेव्हां चिन्हावरून गांव ठरविण्याची घाई दोन्हींकडे सारखीच फसवी आहे.

शिपायांच्या शस्त्रांवर परजेवर किंवा मुठीच्या धातूवर पलटणीचीं अक्षरें, पथकाचा आंकडा व शस्त्राचा अनुक्रम ठोकलेला असतो. कॉकेशसच्या शाश्का व खंजीर यांवर कुबान किंवा तेरेक येथील कोसॅक दलांच्या नांवांचीं तीन तीन आद्याक्षरें आढळतात. अशा अक्षरांनीं एक साधी वस्तु एका विशिष्ट तुकडीशीं बांधली जाते. नक्षीदार पण मुक्या अधिकारी शाश्केपेक्षां अशी साधी बोलकी शाश्का इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाची समजावी.

सन्मानचिन्हांचा विचार स्वतंत्रपणें करावा. सेंट ॲन या पदकाचा चौथा वर्ग युद्धांतील पराक्रमाबद्दल शस्त्राच्याच मुठीवर बसवीत. त्याबरोबर ‘शौर्याबद्दल’ हे शब्द व तांबडा गोंडा असे. त्या तांबड्या टिकलीस शिपाई गमतीनें एका आंबट रानफळाचें नांव देत. याहून श्रेष्ठ म्हणजे ‘सुवर्णशस्त्र’. १९१३ च्या नियमांनीं त्यास सेंट जॉर्जच्या नांवानें ‘जॉर्जीय शस्त्र’ ही संज्ञा मिळाली, व मुठीवर पांढऱ्या मिन्याचा लहान क्रॉस आला. त्या नियमांप्रमाणें मूठ मुलाम्याची असे, व ज्यास हवी त्याने स्वखर्चानें सोन्याची करून घ्यावी अशी सवलत होती. म्हणून केवळ सोनें नाहीं एवढ्यावरून अशी तरवार खोटी ठरवूं नये. उलट, किंमत वाढविण्यासाठीं साध्या शाश्केवर नवा क्रॉस किंवा टिकली बसविणें हा व्यापाऱ्यांचा नित्याचा उद्योग आहे. चिन्हाभोंवतींचा धातु, त्याखालील झीज व खिळ्याचें भोंक हीं भिंगानें पाहावींत. जुन्या मुठीवर चिन्ह मागाहून बसविलें असेल तर त्याखालचा धातुहि भोंवतालच्यासारखाच झिजलेला असतो.

५. पुसलेलें मुद्राक्षर

एका खुणेविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य वाटतें. १९०९ च्या नमुन्याच्या कित्येक शाश्कांवर बादशहाचें मुद्राक्षर कानशीनें घासून काढलेलें, किंवा अर्धवट ठेंचलेलें आढळतें. व्यापारी हा दोष समजतात व शिकलगाराकडून तें अक्षर पुन्हां कोरून घेतात. वस्तुतः तो दोष नसून दाखला आहे. १९१७ च्या मार्चमध्यें राजसत्ता कोसळल्यावर सैन्यांतून राजचिन्हें काढून टाकण्यांत आलीं. अधिकाऱ्यांनीं तें मुद्राक्षर आपल्या शस्त्रावरून घासून काढिलें, कोणी मनापासून, कोणी भयानें. त्या कानशीच्या ओरखड्यांत एका अधिकाऱ्याच्या आयुष्यांतील एक दिवस सांठलेला आहे. तें अक्षर पुन्हां कोरणें म्हणजे एखाद्या सनदेंतील खोडलेली ओळ पुसून, तीवर आपल्या हातानें मूळ मजकूर सुंदर अक्षरांत लिहिण्यासारखें होय. असली ‘दुरुस्त’ शाश्का १९१७ च्या आधींचीहि राहत नाहीं व नंतरचीहि राहत नाहीं.

पुढील काळाचीहि अशीच साक्ष असते. १९२० सालीं सोव्हिएत सरकारनें ‘क्रांतिकारी सन्मानशस्त्र’ ठरविलें. त्यांत मुलाम्याच्या मुठीवर लाल निशाणाचें पदक बसवीत. १९२७ सालीं घोडदळाची नवी शाश्का निघाली. ती आकारानें १८८१ च्या कोसॅक शाश्केचीच प्रत असून मुठीच्या टोपीवर पंचकोनी तारा व संघराज्याच्या नांवाचीं चार आद्याक्षरें आहेत. हिची टोपी बदलून किंवा घासून तीच बादशाही कोसॅक शाश्का म्हणून विकण्याचा प्रकार बराच रूढ आहे. साल, लेखनपद्धति व कारखान्याचे ठसे एकत्र पाहिल्यास ही लबाडी लपत नाहीं.

६. सांधलेल्या, सारख्या दिसणाऱ्या व खोट्या तरवारी

अशुद्ध तरवारींचे तीन वर्ग करतां येतात. पहिला, सांधलेल्या : पातें एकीचें, मूठ दुसरीची, म्यान तिसरीचें, परंतु प्रत्येक भाग अस्सल. येथें पात्याची वक्रता म्यानाशीं जुळते काय, पातें शेवटच्या दोन बोटांत अडखळतें काय, मोहनाळ, म्हणजे म्यानाच्या तोंडावरील धातूचें वेष्टन, परजेशीं नीट बसतें काय, व मुठीच्या टोंकाशीं पात्याच्या शेपटाचा ठोका नव्यानें उकललेला दिसतो काय, हें पाहावें. आंकडे असल्यास पातें, मूठ व म्यान यांवरील आंकडे ताडून पाहावे.

दुसरा वर्ग, सारख्या दिसणाऱ्या परंतु रशियन नसलेल्या तरवारींचा. बुखारा व अफगाणिस्तान या प्रदेशांतहि बिनपरजेच्या शाश्का प्रचारांत होत्या, आणि वायव्येकडील मार्गानें त्या हिंदुस्थानांत येणें अधिक संभवनीय आहे. त्यांच्या मुठीच्या दोन फळ्या बहुधा पांच खिळ्यांनीं जडविलेल्या असतात. ही खूण बुखाराच्या शाश्केची म्हणून प्रसिद्ध आहे. इराणांत १८७९ सालीं स्थापन झालेल्या कोसॅक ब्रिगेडमुळें रशियन घाटाचीं शस्त्रें तेथेंहि गेलीं. म्हणून फारसी अक्षरें असलेली शाश्का खोटी नसून केवळ निराळ्या सैन्याची असूं शकेल.

तिसरा वर्ग सर्वस्वीं नव्या नकलांचा. त्यांपैकीं पुष्कळ प्रामाणिकपणें नकला म्हणूनच, सभासमारंभ व चित्रपट यांकरितां, विकल्या जातात. लबाडी होते ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या विक्रींत. अशांची पारख पुढील खुणांनीं करावी. ठोकलेल्या ठशाच्या कडेस धातु किंचित् वर उचललेला असतो व तळ दाबलेला असतो. आम्लानें खोदलेल्या अक्षराचा तळ सर्वत्र सारखा खरबरीत दिसतो. जुनी पितळ ज्या ठिकाणीं हात लागतो तेथेंच झिजते. कृत्रिमपणें जुनी केलेली पितळ खोलगट भागांतहि सारखीच काळी किंवा सारखीच झिजलेली असते. ओतीव नक्षीच्या कडा बोथट व बुडबुड्यांच्या खड्ड्यांनीं युक्त असतात. कालानें आलेला गंज चामडें व लांकूड यांच्या स्पर्शाप्रमाणें कमीअधिक होतो. लावलेला गंज पात्याच्या दोन्हीं अंगांस समप्रमाणांत पसरतो. शेवटीं, तरवार हातांत तोलून पाहावी. लढाईकरितां घडविलेलें पातें मुठीपासून टोंकाकडे पातळ होत जातें; पुष्कळ नकलांचें पातें आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जाडीचें राहतें, व ती हातांत लोखंडी पट्टीप्रमाणें जड लागते.

७. संग्राहकाचें कर्तव्य

ज्यास या विषयांत पुढें जावयाचें असेल त्याने यूजीन मोलो यांचा १८०१ ते १९१७ च्या रशियन लष्करी तरवारींवरील, लंडन येथें १९६९ सालीं निघालेला इंग्रजी ग्रंथ, व रशियन भाषा येत असल्यास ए. एन. कुलिन्स्की यांचे ग्रंथ जवळ ठेवावे. प्रत्यक्ष तुलनेकरितां सेंट पीटर्सबर्ग येथील तोफखाना संग्रहालय व मॉस्को येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालय यांचे संग्रह प्रमाणभूत आहेत.

वस्तु मिळाल्यावर पहिलें काम साफसफाईचें नसून टिपणाचें आहे. लांबी, रुंदी, पाठीची जाडी, वजन, सर्व ठसे, सर्व आंकडे, प्रत्येक डाग व प्रत्येक दुरुस्ती लिहून काढावी व दोन्हीं बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. वस्तु कोणाकडून, केव्हां व कोणत्या सांगीसह आली तेंहि लिहावें, परंतु ती सांगी पुराव्याच्या स्तंभांत न घालतां वेगळी ठेवावी. त्यानंतर पात्यास पातळ तेलाचा हात फिरविणें व म्यानाचें चामडें दमट हवेपासून जपणें एवढेंच पुरे. आपल्या किनाऱ्यावरील पावसाळ्यांत तरवार चामडी म्यानांत ठेवून देणें म्हणजे ती गंजास वाढून ठेवणें होय. पातें व म्यान वेगवेगळीं ठेवावीं. कुरुंदानें घासून पातें आरशासारखें करणारा शिकलगार कितीहि कुशल असो, तो पात्यावरील ठसे एकेका हातानें उथळ करीत असतो, व एकदां गेलेला ठसा परत येत नाहीं.

कायद्याचाहि विसर पडूं देऊं नये. रशियांतून सांस्कृतिक वस्तु बाहेर नेण्यावर १९९३ च्या कायद्यानें निर्बंध आहेत. भारतांत १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलाकृति कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी वस्तु पुरावशेष ठरूं शकते, आणि पुरावशेषाची निर्यात खाजगी व्यक्तीस करतां येत नाहीं. येथें आलेली १८८१ ची अस्सल शाश्का पुन्हां परदेशीं विकण्याचा विचार करणाऱ्याने हें आधींच जाणून असावें. शस्त्र बाळगण्यासंबंधींचे स्थानिक नियमहि संबंधित अधिकाऱ्याकडून समजून घ्यावे.

तात्पर्य, रशियन लष्करी तरवारीचीं पातें, मूठ, म्यान, लेख व झीज हे पांच साक्षीदार आहेत. त्यांच्या जबान्या वेगवेगळ्या घ्याव्या, मग ताडून पाहाव्या, आणि जेथें त्या जुळत नाहींत तेथें न जुळण्याचें कारण शोधावें. तें कारण कधीं व्यापाऱ्याची लबाडी निघेल, कधीं मुलानें बापाचें पातें नव्या मुठींत बसविल्याची हकीकत निघेल, व कधीं कानशीनें पुसलेलें एका बादशहाचें नांव निघेल. या तिहींतील भेद ओळखतां येणें हीच या विद्येची परीक्षा होय. आणि तो भेद पुढच्या अभ्यासकासहि ओळखतां यावा इतकी तरवार जशीच्या तशी राखणें हें ज्याच्या हातीं ती आज आहे त्याचें काम आहे.